एका दिवसात एकच बंदर

"ताई, नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी, हे, दहावी झालेली लेक आणि ७४ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघं बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला जातोय. वाटेत एका सोमवारी जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर व्हिलफ्रांश नावाच्या छोट्या गावासमोर सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार आहे. ह्यांनी त्या दिवसाची एक्सेल शीट केलीय. मोनॅको, एझ, नीस, कान आणि ग्रासचा अत्तराचा कारखाना, प्रत्येक ठिकाणी ४५ मिनिटं. ती शीट बघूनच मला धाप लागते. मला तो दिवस कुठेतरी शांत बसून काढायचाय. पण तसं म्हटलं की हे विचारतात, 'परत कधी येणार आहोत आपण इथे?' त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण खरंच परत येणं होणार नाही. लेकीला नीस बघायचंय आणि समुद्रात पाय बुडवायचेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. दिवसभर एकाच गावात राहिलो तर एवढे खर्च केलेले पैसे वाया जातील का?
एक वाचक, डोंबिवली"

प्रिय मैत्रीण,

पैसे वाया जाणार नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रातली खरी टोचणी तीच आहे. आणि दुसरंही सांगते, तुमच्या मिस्टरांवर रागावू नका. दोन-तीन वर्षं पैसे बाजूला टाकायचे, व्हिसासाठी कागद गोळा करायचे, चौघांची तिकिटं काढायची आणि मग नकाशा उघडला की मोनॅको बोटाच्या एका पेरावर दिसतं, नीस त्याच्या अलीकडे, कान जरासं पलीकडे. सगळं हाताशी आहे असंच कुणालाही वाटेल. घरच्यांना जास्तीत जास्त मिळावं म्हणूनच त्यांनी ती शीट केलीय. तेव्हा ती बाजूला सारू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि तिच्यात दोन रकाने वाढवा. एक जहाजावरून उतरायला लागणाऱ्या वेळाचा, दुसरा एका गावाहून दुसऱ्या गावी जायला लागणाऱ्या वेळाचा.

पहिला रकाना आधी भरू. व्हिलफ्रांशला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. तिथलं बंदर भूमध्य समुद्रातल्या सर्वांत खोल नैसर्गिक बंदरांपैकी एक आहे, काही ठिकाणी पाणी ९५ मीटरपर्यंत खोल. पण गावाचा धक्का मात्र कोळ्यांच्या होड्यांच्या मापाचा. त्यामुळे जहाज मध्यावर नांगर टाकतं आणि माणसांना लहान बोटींतून किनाऱ्याला सोडतात. या बोटींना टेंडर म्हणतात. गेटवेहून लाँचने घारापुरीला जातो ना, तसाच प्रकार, फक्त अंतर फार कमी. आता शीटमध्ये '८ वाजता' लिहिलंय ती नांगर टाकायची वेळ. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी होते, मग ज्यांनी जहाजाच्याच सहली घेतल्यात त्यांना आधी सोडतात, मग बाकीच्यांचे टोकन नंबर पुकारतात. तुम्ही चौघं धक्क्यावर उभे राहाल तेव्हा साडेनऊ वाजलेले असतील असं धरून चाला. संध्याकाळीही तेच. शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. नेमकी वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रकात छापलेली असते. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना रांग लागते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला घेऊन त्या रांगेत उन्हात उभं राहायचं नसेल तर साडेचारला परत धक्क्यावर यायला हवं. म्हणजे १० तासांचे झाले ७.

दुसरा रकाना. धक्क्यावरून स्टेशनपर्यंत चालत, गाडीची वाट, मोनॅकोचा प्रवास, तिथलं डोंगराच्या पोटातलं स्टेशन आणि त्याचे जिने-लिफ्ट, सगळं मिळून पाऊण-एक तास. मोनॅकोहून एझ गाव, बसने, तेवढाच वेळ. एझहून नीस, पुन्हा तितकाच. नीस ते कान आगगाडीने आणि पुढे चालत, एक तास. कान ते ग्रास, जवळजवळ तितकाच. ग्रासहून परत व्हिलफ्रांश, दोन तास. बेरीज करा. ६ तासांच्या वर जाते. तुमच्या हातात ७ आहेत. मग मिस्टरांना विचारा, उरलेल्या तासाभरात पाच गावं, चार माणसांचं जेवण आणि सासूबाईंचं बसणं-उठणं कसं बसवायचं? वाद घालून विचारू नका, मनापासून विचारा. आकड्यांवर विश्वास असलेला माणूस आकडे पाहून थांबतो, असा माझा अनुभव आहे.

ते म्हणतील, खासगी गाडी करू. करता येते. पण त्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरलाय आणि नीस ते मोनॅको जायला एकावर एक असे तीनच जुने रस्ते आहेत, खालचा, मधला आणि वरचा. पर्यटकांच्या दिवसांत खालचा रस्ता तुंबला की तुंबला. त्यातून तुम्ही जाताय मे महिन्यात. त्याच महिन्यात कानचा चित्रपट महोत्सव असतो. मोनॅकोत मोटारशर्यतीसाठी रस्त्यांवर लोखंडी कठडे आणि प्रेक्षकांच्या माड्या काही आठवडे आधीपासून उभ्या राहिलेल्या असतात, त्यामुळे जे बघायला जायचं तेच त्यांच्याआड जातं. आणि एझबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिथे कितीतरी जण फसतात. आगगाडीच्या वेळापत्रकात एझ दिसतं ते समुद्राकाठचं स्टेशन. फोटोत दिसणारं दगडी एझ गाव त्याच्या डोक्यावर ४०० मीटरहून उंच कड्यावर आहे. स्टेशनवरून वर जाणारी पाऊलवाट चांगल्या पायांच्या माणसालाही तास-सव्वा तास दमवते. सासूबाईंना घेऊन त्या स्टेशनवर उतरायचं नाही म्हणजे नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन याच बंदरात उतरले होते. आई तेव्हा ७१ वर्षांची. आम्ही दिवसभरासाठी एक मिनीबस ठरवली होती, चार गावांची. पहिल्या गावातच उशीर झाला. मग प्रत्येक ठिकाणी चालक घड्याळाकडे बोट दाखवायचा आणि आम्ही धावायचो. तिसऱ्या थांब्यावर आई म्हणाली, "तुम्ही बघून या गं, मी इथंच बसते." चौथ्यालाही तेच. मी तिला बसमध्ये पाण्याची बाटली देऊन एका किल्ल्याचे फोटो काढायला पळाले. तो कुठला किल्ला, हे आज फोटो पाहूनही मला सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा टेंडरला वीस मिनिटं अवकाश होता. धक्क्यावर एक म्हातारा कोळी स्टुलावर बसून मांडीवरचं पिवळं जाळं शिवत होता. हातात जाळं विणायची चपटी सुई, पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली जाळ्याची कड. माझी आई हर्णैची. तिचं बालपण अशी जाळी बघत गेलं. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने तिने वाकून एका फाटक्या आसाकडे, म्हणजे जाळ्याच्या चौकोनाकडे, बोट दाखवलं. त्याच्या नजरेतून तो सुटला होता. तो मोठ्याने हसला, सरकून बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. आईने ते ताणून धरलं आणि पुढची पंधरा मिनिटं तो शिवत राहिला. बोट आली तेव्हा मला तिला हाक मारून उठवावं लागलं. आई आता नाही. त्या सगळ्या प्रवासातलं ती शेवटपर्यंत सांगायची ते एवढंच, "फ्रान्समध्ये मी जाळं धरलं होतं."

त्या चार गावांऐवजी मी तिला सकाळपासून त्या धक्क्यावर बसू दिलं असतं तर, असं मला अजून वाटतं. म्हणून तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसले.

आता त्या धक्क्याबद्दल, कारण तुम्ही 'एकाच गावात राहिलो' असं लिहिलंय जणू तिथे बघण्यासारखं काही नाही. टेंडर जिथे सोडते तिथून पुढे किनाऱ्याने सपाट रस्ता जातो. पिवळी, गेरूच्या रंगाची, गुलाबी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, खाली खानावळींच्या खुर्च्या आणि समोर पाणी. सासूबाईंना इथे एकही जिना चढावा लागणार नाही. दोन-चार मिनिटांवर एक लहानसं चॅपेल आहे, संत पीटरचं. पीटर स्वतः कोळी होता आणि कोळ्यांचा रक्षणकर्ता मानला जातो. हे चॅपेल इथल्या मच्छीमारांचं. मधल्या काळात ते त्यात जाळी ठेवायचे. कवी आणि चित्रकार झां कॉक्तो १९२० च्या दशकापासून या गावात येऊन राहायचा, समोरच्याच हॉटेलात. त्याने मच्छीमारांना विनवून ही जागा मागितली आणि १९५७ साली आतली प्रत्येक भिंत आणि छत रंगवून काढलं. आत गेल्यावर जाड रेषांतले डोळे, मासे, देवदूत दिसतात. एका चित्रात पीटर पाण्यावर चालतोय आणि देवदूत त्याला सावरतोय. गावातल्या पोरींनाही त्याने भिंतीवर मानाची जागा दिलीय. आत माणसं मावतात मोजकीच, तिकीट लहानसं, वेळ लागतो अर्धा तास. उघडण्याचे वार आणि वेळा मात्र निघायच्या आधी पाहून ठेवा. सासूबाई धार्मिक वृत्तीच्या असतील तर त्यांना नुसतं 'चर्च आहे' म्हणून सांगू नका, 'कोळ्यांचं देऊळ आहे' म्हणून सांगा. बघा, त्या तिथे जास्त वेळ थांबतील.

गाव वर चढत जातं. पण पहिल्याच रांगेमागे एक गल्ली आहे जी चुकवू नये. तिचं नावच 'अंधारी गल्ली' असं आहे, रू ऑब्स्क्यूर. साधारण १३० मीटर लांबीची, घरांच्या पोटाखालून जाणारी, १३ व्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडायचे तेव्हा गावकरी इथे येऊन बसायचे. उन्हातून आत शिरलं की गारवा अंगावर येतो आणि पावलांचा आवाज बदलतो. लेकीला ती नक्की आवडेल. गल्लीपर्यंत थोड्या पायऱ्या आहेत. सासूबाईंना जमेल तेवढंच न्या, नाहीतर राहू द्या.

गावाचं नावही किती बोलकं आहे! व्हिल म्हणजे शहर, फ्रांश म्हणजे करमुक्त. डोंगरातल्या लोकांनी खाली उतरून समुद्राकाठी वस्ती करावी म्हणून १२९५ साली इथला तेव्हाचा राज्यकर्ता, प्रोव्हान्सचा काउंट शार्ल दुसरा, याने इथे जकात माफ केली, तेव्हापासून हे नाव. पुढे १५४३ मध्ये बार्बारोसाच्या तुर्की आरमाराने फ्रेंचांच्या साथीने नीसला वेढा घातला. त्या तडाख्यानंतर सॅव्हॉय या तेव्हाच्या वेगळ्या राज्याच्या ड्यूकने १५५७ मध्ये बंदराच्या तोंडाशी किल्ला बांधायला घेतला. हो, सॅव्हॉयच्या, कारण हा सगळा मुलूख फ्रान्सचा झाला तो १८६० मध्ये. किल्ला आजही उभा आहे, धक्क्याच्या जवळच. आत नगरपालिकेचं कार्यालय, बागा आणि व्होल्ती नावाच्या शिल्पकाराचं संग्रहालय आहे. मिस्टरांना 'काहीतरी बघितलं' असं वाटायला हा किल्ला पुरेल. जलदुर्गांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तो ओळखीचा वाटतो. कोण कुठून आत येईल हे बघूनच बुरूज घातलेले आहेत.

मग दिवस कसा घालवायचा? मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. साडेनऊला चौघं मिळून उतरायचं. धक्क्यावरच कॉफी आणि ताजा क्रोआसाँ घ्यायचा. सासूबाईंना नुसता पाव, लोणी आणि जॅम, कारण क्रोआसाँला वरून बहुतेक वेळा अंडं लावलेलं असतं. मग बापलेकीने नीसला जायचं आणि तुम्ही दोघींनी गावात राहायचं.

नीस आगगाडीने फक्त ७-८ मिनिटांवर आहे. स्टेशन पुळणीच्या वरच्या अंगाला आहे, पायऱ्या आहेत, पण त्या दोघांना त्याचं काही नाही. तिकीट जाण्या-येण्याचं एकदमच काढायचं. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, म्हणून आदल्या रात्री एकदा बातमी पाहायची. संप असेल तर बस आहे. नीसमध्ये त्यांनी जुन्या गावाबाहेर फिरायच्या भानगडीत पडू नये. कूर सालेया नावाचा लांबट चौक आहे, तिथला फुलांचा आणि भाजीचा बाजार प्रसिद्ध. पण तुम्ही सोमवारी जाताय आणि सोमवारी तिथे फुलं नसतात, जुन्या वस्तूंचा बाजार असतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण फुलांसाठी गेलेली मंडळी हिरमुसून येतात. लेकीला मात्र हा बाजार फुलांपेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं. शंभर वर्षांपूर्वीची लिहिलेली पोस्टकार्डं, किल्ल्या, चांदीचे चमचे, भरतकाम केलेले रुमाल. कुणीतरी कुणालातरी पाठवलेलं एक जुनं पोस्टकार्ड तिने स्वतः निवडून घ्यावं. मग समुद्राकाठच्या प्रोमेनादवर थोडं चालून साडेबारापर्यंत परत. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी पाय पोळतात आणि टोचतात. समुद्रात पाय घालायचे ते व्हिलफ्रांशच्या मारिनिएर पुळणीवर, दुपारी, चौघांनी मिळून. ती जाडसर वाळूची आहे, पाणी शांत आहे. मे महिन्यात पाणी गारच असतं. मुली तरी शिरतात.

आता जेवण. याकडे मात्र तुम्ही नीट लक्ष द्या, कारण शाकाहारी माणसाचा दिवस इथेच बिघडतो. तिथे दुपारचं जेवण १२ ते २. दोन वाजून गेले की बऱ्याच खानावळींचं स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी उघडतं. 'फिरून येऊन तीनला जेवू' असं चालत नाही. साडेबाराला बसा. आत शिरताना, काहीही विचारायच्या आधी, 'बाँझूर' म्हणा. हा तिथला शिष्टाचार आहे. त्याने माणसं लगेच मऊ होतात. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा म्हणजे नळाचं स्वच्छ पाणी सुरईत येतं, फुकट.

सासूबाईंसाठी काय मागवावं? त्या प्रांताचं जेवण खरं म्हणजे आपल्या तोंडाला पटकन रुचणारं आहे. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी ऑलिव्ह तेलात मऊ शिजवलेली भाजी, मूळची नीसचीच. झुकिनीच्या फुलांची भजी मिळतात. कोकणात आपण भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच दिसतात, पण पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. आणि सोक्का. सोक्का म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस्स. पातळ पीठ हातभर रुंद तांब्याच्या थाळ्यात ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. पाच-सात मिनिटांत कडा करपतात, वर फोड येतात. मग उलथन्याने वेडेवाकडे तुकडे काढून कागदावर देतात आणि वर मिरपूड. पहिला घास घेतला की आपण थबकतो, कारण चव घरच्या धिरड्याची असते आणि वास लाकडाच्या धुराचा. हा पदार्थ गरम असतानाच खायचा, गार झाला की चामड होतो. म्हणून बापलेकीने तो नीसमध्येच, उभ्या-उभ्या खाऊन घ्यावा. सोमवारी काही सोक्कावाले सुट्टी घेतात, पण जुन्या गावात थोडं हिंडलं की एखादा सापडतो. व्हिलफ्रांशमध्ये कुठे मिळाला तर सासूबाईंना आधी द्या.

काही नावं मात्र फसवी आहेत. पिस्सालादिएर दिसायला कांद्याची भाकरी वाटते, त्यात अँचोव्ही नावाचा खारवलेला मासा असतो. नीसच्या सॅलडमध्ये अंडं आणि मासा दोन्ही. पाँ बान्या नावाच्या पावातही तेच. 'फार्सी' म्हणजे भरल्या भाज्या, पण सारण खिम्याचं. तिथे कित्येकांना शाकाहारी माणूस मासा खात असेल असं वाटतं, त्यामुळे नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. घरूनच एका कागदावर फ्रेंचमध्ये 'मांस नाही, मासा नाही, अंडं नाही' असं मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि वाढप्याला दाखवा. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, सासूबाईंना ते चालत नसेल तर चीज टाळा. आणि पिशवीत दशम्या, चटणी, थोडा चिवडा असू द्या. जहाजावरचं शिजवलेलं अन्न किनाऱ्यावर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, पण घरचे बंद पाकिटातले कोरडे पदार्थ आजीच्या भुकेला उपयोगी पडतात. यात लाजायचं काही कारण नाही.

मिस्टरांना तरीही एक 'मोठं' ठिकाण हवंच असेल तर मोनॅको नको, काप फेरा. समोर समुद्रात घुसलेली जी हिरवी जमिनीची जीभ दिसते ना, तीच. तिच्या मानेवर बेआत्रिस एफ्रुसी द रोटशिल्ड या बाईंनी १९०७ ते १९१२ मध्ये बांधवलेला गुलाबी वाडा आहे, भोवती नऊ बागा. १९३४ मध्ये त्या गेल्या तेव्हा वाडा त्यांनी फ्रेंच कला अकादमीला देऊन टाकला. कारंजी संगीतावर नाचतात, चहाची जागा आहे, बसायला बाकं आहेत. बागेतून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. एका बाजूला तुमचंच जहाज नांगरलेलं दिसतं, आणि 'आपल्याला उशीर तर होत नाही ना' ही काळजी त्याच्याकडे बघत-बघतच करता येते. टॅक्सीने थोडी मिनिटं, पण टॅक्सी आधी ठरवून ठेवा, गावात आयत्या वेळी मिळत नाही. हे करायचं तर नीस सोडायचं. दोन्ही नाही.

थोडं कागदपत्रांचं. जहाजाचं ओळखपत्र चौघांच्या गळ्यात हवं, त्याशिवाय परत चढू देत नाहीत. पासपोर्ट जहाजवाल्यांनी ठेवून घेतले असतील तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स प्रत्येकाकडे हवी. कार्यक्रमपत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या. मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका. आणि स्वतःच्या स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे बापलेकीला निघताना पुन्हा एकदा सांगा. स्वच्छतागृह धक्क्यावरच्या बंदर-इमारतीत आहे. सासूबाईंना उतरल्या उतरल्या ते दाखवून ठेवा, म्हणजे दिवसभर त्या पाणी प्यायचं टाळणार नाहीत. आपल्या बायका प्रवासात हेच करतात आणि मग उन्हाने चक्कर येते.

टेंडरमध्ये चढताना जहाज आणि बोट यांच्यामध्ये पाऊलभर फट असते आणि बोट हलत असते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, ते दंड धरून घेतात. सासूबाईंनी साडी नेसली असेल तर घोट्याच्या वर खोचून घ्यावी, पायात पट्ट्याची, न घसरणारी चप्पल. वारा फार असेल तर कप्तान हा थांबा रद्दही करतो. तशी पाळी आली तर तो दिवस जहाजावरच काढायचा, याची मनाची तयारी चौघांनीही ठेवा.

आता एक गोष्ट, जी तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आली. मिस्टरांना काय हवंय ते तुम्ही लिहिलंय. लेकीला काय हवंय ते लिहिलंय. तुम्हाला काय हवंय तेही. सासूबाईंबद्दल फक्त त्यांचे गुडघे आणि त्या काय खात नाहीत एवढंच आहे. हा तुमचा दोष नाही. माझ्या आईचंही मी तेच केलं होतं. कदाचित त्यांना तुमच्यासारखंच बसायचं असेल. कदाचित त्यांना नीसची आगगाडी हवी असेल आणि जिने त्या हळूहळू, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चढतील. कदाचित त्या म्हणतील, मी जहाजावरच बसते, तुम्ही तिघं जा, आणि खरंच त्यांना तेच आवडेल. आज रात्री जेवताना नकाशा ताटाशेजारी ठेवा, शीट मिटवून ठेवा आणि त्यांना विचारा. उत्तर लगेच येणार नाही. "तुम्ही ठरवाल ते" असं आधी म्हणतील. तेव्हा पुन्हा एकदा विचारा.

तुमची ताई